आमच्या सिनेमाच्या बैठकीत नवीन येणाऱ्या भावासाठी

भाऊ, महिन्याचा विषय ठरला की लगेच यादी करत बसू नको. एक सिनेमा धर आणि नीट पाहा. आषाढात आपला विषय संतपट असतो. तेव्हा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लाव आणि जिजाईवर डोळा ठेव. आजारी पोराला ओढत, हातात पायतण घेऊन ती थेट विठ्ठलापुढे उभी राहते. गौरीबाईंनी ते काम असं केलंय की घरातली बाईच बोलतेय असं वाटतं. बैठकीत एवढा एक प्रसंग मांडलास तरी पुष्कळ झालं. सगळी कथा सांगू नको, बाकीच्यांनीही पाहिलेला असतो.

विषयात सिनेमा बसतो की नाही, यावर फार भांडू नये. आवाज खरखरतो, चित्र पुसट आहे म्हणून अर्ध्यात सोडायचा मात्र नाही. पहिली पंधरा मिनिटं कान सरावू दे. कापूस वेचणीच्या दिवसांत आपण छोटेच सिनेमे घेतो. रात्री ओलिताला जाणाऱ्यानं नंतर पाहिला तरी चालतं.

आणि म्हाताऱ्यांना बोलू दे, बाप्पा! टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसलेली माणसं आहेत ती.

पुढचा विषय शेजारधर्म आहे. शांतारामबापूंचा १९४१ चा ‘शेजारी’ आणि त्याचाच हिंदी ‘पडोसी’ दोन्ही पाहून ये. ‘पडोसी’त हिंदू ठाकूर मजहर खान यांनी केलाय आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी. ही अदलाबदल तुला कशी वाटली, ते पहिल्यांदा तूच सांग.