एकशे साठ तास

प्रिय मुली,

विद्यार्थ्यांना रुग्णसेवेत विनामोबदला शिकवल्याबद्दल होनोलुलूच्या मैत्रिणीला ८० तासांना १,००० डॉलरची करसवलत आणि तुला जॉर्जियात दुप्पट शिकवून ३७५ कसे, हा तुझा प्रश्न. ही करसवलत राज्याराज्यांची आहे, केंद्राची नाही. हवाईचे दर आणि तिथली ५,००० ची मर्यादा डोक्यातून काढून टाक.

तुझ्याकडे रोटेशन (रुग्णसेवेतल्या शिकवणीची एक फेरी) म्हणजे १६० तास. ते एकाच विद्यार्थ्याचे असावे लागत नाहीत. एकीचे ९६ आणि दुसऱ्याचे ६४ मिळून एक रोटेशन होतं. आपल्याला, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरना (रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिकांना), पहिल्या तीन रोटेशनचे प्रत्येकी ३७५, चौथ्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येकी ७५०, म्हणजे जास्तीत जास्त ६,३७५. डॉक्टरांना त्याच कामाचे ८,५००. हे मला आजही पटत नाही. पण २०१४ च्या कायद्यात आपण नव्हतोच, आणि डॉक्टरांनाही नुसती करपात्र उत्पन्नातून वजावट होती: ६ टक्के दराने १,००० च्या वजावटीवर ६० डॉलर वाचायचे. २०१९ पासून रक्कम थेट करातून कमी होते (हेच क्रेडिट) आणि त्यात आपणही आहोत.

म्हणून, तास त्याच दिवशी लिही. तारीख, विद्यार्थी, कॉलेज, सुरुवातीची आणि शेवटची वेळ. डिसेंबरात आठवून लिहिलेले तास कॉलेजच्या नोंदीशी जुळत नाहीत, आणि १५२ भरले तर रोटेशन झालंच नाही. तास प्रमाणित करतं ऑगस्टा युनिव्हर्सिटीतलं एएचईसीचं, म्हणजे राज्याच्या आरोग्य-शिक्षण केंद्रांचं, कार्यालय. तुझा शब्द तिथे पुरत नाही. त्याच दिवशी, कळलं ना?

विद्यार्थ्यांना शिकवणारे शोधून देणाऱ्या प्लेसमेंट कंपनीचं मानधन घेतलंस तर ते तास क्रेडिटसाठी बाद. राज्याबाहेरच्या ऑनलाइन कॉलेजचा विद्यार्थीही धरता येत नाही. त्याला जरूर शिकव, पण त्याची नोंद वेगळ्या पानावर ठेव. आणि फेडरल रिटर्नमध्ये स्वतःच्या वेळेची किंमत दान म्हणून दाखवू नकोस. आयआरएस, म्हणजे केंद्राचं कर खातं, वेळेची वजावट देत नाही.

मानधन क्रेडिटपेक्षा जास्त असेल तर का सोडायचं, असं तू विचारलंस. मी घेत नाही, आणि हा माझा हट्ट आहे. कंपनी ते पैसे विद्यार्थ्याकडूनच उकळते. नर्स प्रॅक्टिशनर शिक्षणाच्या २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनुसार त्याला रुग्णसेवेचे किमान ७५० तास भरायचे असतात, पूर्वी ५०० होते. तास वाढले, शिकायला जागा मात्र मिळत नाहीत, आणि या अडचणीतून कमावलेल्या पैशांत मला वाटा नको. फुकट शिकवायचं तर हिशोब कशाला, असं धरून मी मात्र कित्येक वर्षं तास लिहिलेच नाहीत. ती माझी चूक. फुकट शिकवणं बरोबरच होतं.

तुझे ९६ आणि ६४ आज रात्रीच वहीत उतरव. उद्या दोन्ही कॉलेजांच्या क्लिनिकल कोऑर्डिनेटरना मेल करून त्यांच्याकडे किती तास लागलेत ते विचार. फरक असेल तर वर्ष संपायच्या आत दुरुस्त करून घे.

तुझी,
ताई