फोन तिच्याच हातात राहू दे

पोरी,

पत्र वाचलं. गावातल्या बायकांना स्मार्टफोन शिकवायला लागून दहा दिवस झाले तरी त्यांचं बोट स्क्रीनवर चालत नाही, वरचे लोक शिकून झालेल्या ४० जणींची यादी मागतायत, म्हणून ‘त्यांचं मीच करून देऊ का’ असं विचारतेस. नको. शिकणारीच्या हातातला फोन आपण घ्यायचा नाही. ‘द्या इकडं मावशी’ म्हटलं की त्या दिवसाचा वर्ग उठला. हे आपलं काम नव्हे, एवढंच तिच्या डोक्यात बसतं. ही चूक मीही फार वर्षं केली, म्हणून चिडून लिहितोय.

बोट का चालत नाही ते आधी बघ. कोयता, खुरपं धरून कातडी जाड आणि कोरडी पडलेली असते; स्क्रीनला ती लागतच नाही. ओलं फडकं जवळ ठेव, बोट पुसायला लाव आणि नखानं नाही, पेराच्या मऊ भागानं टेकवायला सांग. दुसरी अडचण बटणाच्या फोनच्या सवयीची. त्या बायका दाबून धरतात. मग चिन्हं हलायला लागतात, भलतीच यादी उघडते, एखादं ॲप जागचं गायब होतं, आणि बाई घाबरते, ‘पोराचा फोन बिघडला की गं!’ सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दाबून धरण्याचा वेळ वाढवता येतो. सगळ्यात लांबचा पर्याय निवड. स्क्रीन ३० सेकंदांत विझते, ती अजून अक्षरच जुळवत असते. तो वेळ ५ मिनिटं कर. अक्षरं मोठी कर. खाली तीन बटणं दिसतील असं ठेव आणि मागं यायचं बटण पहिल्याच दिवशी शिकव. परत यायची वाट ठाऊक असली की आत शिरायला भीती वाटत नाही.

आणि हे सगळं कुणाच्या बोटानं? तिच्याच. तू समोर बसू नकोस. समोरून अक्षरं उलटी दिसतात आणि आपला हात आपोआप पुढं जातो. शेजारी बस, पेन्सिलीनं लांबून दाखव. अर्धा तास गेला तर जाऊ दे.

वाचता येत नाही अशा बायकांपासून सुरुवात कर, त्या तुला वाटतात तितक्या मागं नाहीत. आकड्यांची मांडणी बटणाच्या फोनसारखीच असते, तिथं त्यांचं बोट बरोबर पडतं.

पैशाचं शिकवण्याआधी आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते तपास. दिवाळी उलटली की टोळ्या ऊसतोडीला जातात, रिचार्ज संपतो, आणि ९० दिवस सिम वापरात नसलं की ते बंद पडू शकतं. पुढं तो नंबर दुसऱ्याला मिळतो. मग ओटीपी येत नाही म्हणून बाई स्वतःला अडाणी म्हणत बसते.

यूपीआयला १ रुपया पुरतो. शेजारणीला पाठवायला लाव, तिच्याकडून परत घ्यायला लाव. पाठवताना पिन लागतो, घेताना लागत नाही, हे दोन्ही फोनवर तिनं डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. मग ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणणारा खोटा आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. ती पिन टाकत असताना तू मान वळव, आणि वळवलेली तिला दिसू दे. फसवणूक झाली तर लगेच लावायचा १९३० नंबर तिलाच जतन करू दे. तू टाईप करून देऊ नकोस. पुन्हा सांगतोय, कारण नेमकी तिथंच तुझी घाई नडेल.

४० जणींचा वर्ग एकटीनं होत नाही. सहा-सहा जणी घे. माझ्या याद्या नेहमी तोकड्या असायच्या, त्याबद्दल मला पुष्कळ ऐकवलं गेलं. ऐकवू देत. प्रमाणपत्रावर जिचं नाव आहे तिला स्वतःचा फोन उघडता येत नसेल, तर ते प्रमाणपत्र कुणाच्या उपयोगाचं?

तुझ्या बीडमधल्या धारूरकडं आता गावात म्हाताऱ्या आणि लेकरंच उरली असतील. त्यांना दुपारी २ ला बसव. टोळ्या परतल्या की सुनांचा वर्ग रात्री जेवणं आटोपल्यावर घे, आणि चार्जिंगचा बोर्ड सोबत ने. लाईट आली की सगळ्या एकदमच प्लग शोधतात.