वय 44, भुवयांमध्ये आठ्या. बोटॉक्स घेऊ का? घरून विरोध आहे

'मिस्टर म्हणतात, या वयात कसले नखरे' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हेच वाक्य दादाच्या तोंडी होतं.

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमचं दागिन्यांचं दुकान आहे. साजाची बारीक पानं आणि त्यांचे सांधे बघत वीस वर्षं भुवया आक्रसून बसलो आणि मधे दोन उभ्या चिरा पडल्या. खुशीत असलो तरी चेहरा भांडणाचा. एकदा एक आजी नातीसाठी ठुशी बघत होत्या. मधेच ती खाली ठेवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा. भाव कमी कर म्हटलं तर एवढं रागवायला काय झालं?" मी तोंडातून शब्द काढला नव्हता!

त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. बोटॉक्सच्या पाच टोचण्या, दहा मिनिटं. चौथ्या दिवशी चेहरा सैलावला, दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम. दादाला कळलं तसा म्हणाला, "बाप्या माणूस असून तोंडात विष टोचून घेतलंस व्हय?" विष आहेच ते. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचू देत नाही, म्हणून आठी पडत नाही. पण मात्रा म्हणून काही असतं की नाही? अमेरिकेत हे औषध 1989 साली तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मंजूर झालं, आठ्यांसाठी 2002 साली. रोज तेजाब हाताळणारा आणि दर पंधरवड्याला मिशीला कलप लावणारा माणूस मला विष आणि नखरे शिकवतो!

आता तुमचं. आरशासमोर चेहरा सैल सोडा. आठी घातल्यावरच रेघ दिसत असेल तर बेलाशक घ्या. सैल चेहऱ्यावरही खोल चीर असेल तर ती थोडी मऊ होईल, पुसली जाणार नाही. तीन-चार महिन्यांनी पुन्हा जावं लागतं, तो खर्च आधीच धरा. दर विचारताना ब्रँड विचारा. भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्सची साधारण 20 युनिटं लागतात, डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडची 50. युनिटाला युनिट लावून भाव करणं म्हणजे 18 कॅरेट 22 च्या शेजारी ठेवून तोलणं.

हे शहाणपण मला उशिरा सुचलं. दुसऱ्या खेपेला ऑफर बघून एका पार्लरमध्ये गेलो आणि डावी पापणी खाली आली. महिनाभर दादा गल्ल्यावरून विचारायचा, "गिऱ्हाईकाला डोळा मारतोस काय रं?" तेवढ्यापुरता तो जिंकला. पापणी आपोआप सुधारली, पण तेव्हापासून डॉक्टर सोडून कुणाच्या हातात सुई देत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर विषय बंद. चालू औषधं डॉक्टरांना सांगा. घरात कार्य असेल तर निदान तीन आठवडे आधी उरका.

बाकी मिस्टरांचं म्हणाल तर विचारू नका, नुसतं सांगा. ते कलप लावतात का, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.