शेवटच्या नळावर जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पाणीपुरवठ्यातल्या कंत्राटी नोकरीबद्दलचं तुझं लांबलचक पत्र पोचलं. मायन्यात 'आदरणीय सर' लिहिलंयस. मी सर नाही. जन्मभर सगळे मिस्त्रीच म्हणत आले, तूही तेच म्हण.

पत्रात कंत्राटदार आहे, रखडलेला पगार आहे, पुण्याला गेलेले मित्र आहेत, स्पर्धा परीक्षेचा फॉर्म आहे. मला टोचली ती मधलीच एक ओळ. क्लोरीनच्या रजिस्टरात सगळ्या गल्ल्यांपुढे 0.5 लिहून टाक असं तुझे वरिष्ठ सांगतात, 'सगळीकडे असंच चालतं' म्हणतात, आणि तू मला विचारतोस की काय करू.

यात विचारायचं काय आहे? शेवटच्या नळावर जा.

टाकीखालच्या नळाचं कौतुक मला सांगू नको. टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, निवळी सकाळी त्याच टाकीत ओतली, मग तिथे क्लोरीन निघणार नाही तर काय निघणार? आयएस 10500, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मागतं, तो ग्राहकाच्या नळाशी. टाकीशी नाही, पंपहाउसला नाही. लाईन जिथे संपते, जिथे पाणी सगळ्यात उशिरा येतं आणि सगळ्यात आधी जातं, तिथे काय आहे ते बघ. ओटी, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारं ऑर्थोटोलिडिन, टाकून तिथे पिवळं आलं तर निम्म्या काळज्या मिटल्या. नाही आलं, तर मधल्या सगळ्या गल्ल्या संशयित.

आणि नीट बघ. नळ आधी मिनिट-दोन मिनिटं वाहू दे. नळी त्याच पाण्याने विसळ, खुणेपर्यंत भर, ओटीचे बाटलीवर लिहिलेत तेवढेच थेंब टाक. रंग पेटीतल्या रंगांशी लगेच जुळव, दहा सेकंदांच्या आत. गप्पा मारून परत आलास की पिवळा गडद झालेला असतो आणि आपण खूश. तो रंग असतो अमोनियाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा, आणि तो जंतू मारायला फार दुबळा. पहिल्या क्षणी काही नाही आणि मग सावकाश पिवळं होतंय असं दिसलं, तर खूश होऊ नको, सांडपाणी मिसळत असेल, जवळचं गटार शोधायला लाग. ओटी हाताला लागू देऊ नको. ते पाणी गटारात ओत, कुणाच्या बादलीत नाही.

गळती म्हटलं की आपल्या खात्यात सगळ्यांना वाया गेलेलं पाणी दिसतं. पेपरात फोटोही फवाऱ्याचाच येतो. अरे, फवारा उडतोय तोवर बरं चाललंय, पाणी बाहेर जातंय. धोका असतो पाणी बंद केल्यावर. आपल्या गावांत एक दिवसाआड तास-दीड तास पाणी. लाईनची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद झाली की उताराकडचं पाणी खाली जातं, वरची लाईन रिकामी होते, आत ओढ तयार होते. मग त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. भोक पडलेल्या स्ट्रॉने सरबत ओढून बघ, कळेल. वर लोकांनी लाईनला थेट मोटारी लावलेल्या. त्या चालू झाल्या की टोकाच्या घरांत नळ नुसता सूं-सूं करतो, आणि तेवढ्यात गटारातून गेलेल्या सर्व्हिस लाईनमधून काय आलं हे कुणालाच दिसत नाही. एकमजली घराला 7 मीटर आणि दुमजलीला 12 मीटर उंच पाण्याएवढा दाब हवा, असं केंद्राच्या 1999 च्या मॅन्युअलमध्ये छापलेलं होतं. टोकाच्या नळाला गेज लावून बघ एकदा. मग मॅन्युअल कपाटात ठेव आणि फावडं घे.

कराडशेजारी मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, त्याचं कौतुक लोक 'कधीही नळ सोडा' एवढ्याचंच करतात. मला त्यातलं पटतं ते वेगळं. लाईन कायम भरलेली, दाब कायम आतून बाहेर, म्हणजे गटाराला आत यायला वावच नाही. आपल्याला ते कधी मिळेल ते मिळेल. तोवर आपल्याकडे ओटीची बाटली आहे आणि पाय आहेत.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, तेव्हा सगळे एकदम क्लोरीनबद्दल बोलायला लागले. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का, किती आहे, कुणी बघितला? एरवी हा प्रश्न आपण सोडून कुणी विचारत नाही. आणि आपणच 0.5 लिहून मोकळे होणार असू, तर मग आपली गरजच काय? व्हॉल्व्ह काय, कुणीही फिरवेल.

माझं सांगतो, म्हणजे मी हेकटपणा शिकवतोय असं तुला वाटणार नाही. वाटलं तरी हरकत नाही.

आमच्या नगरपालिकेत एका उन्हाळ्यात खालच्या आळीत कावीळ सुरू झाली. रजिस्टर बघावं तर सगळं उत्तम. मी आळीच्या शेवटच्या घरात गेलो, नळी भरली, थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. मी 'शून्य' लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं, म्हणाले, 'कलेक्टर ऑफिसला जाणार आहे हे, नीट लिहा.' मी म्हटलं, नीटच लिहिलंय. मग दोन्ही बाजूंनी आवाज चढले, ते सोड. तिसऱ्या घरापुढचं गटार उपसलं तेव्हा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, अर्धा इंची पाईप सापडला, कपलिंगच्या आट्यांपाशी कुजलेला. जीआय तिथेच आधी जातो, आटे पाडताना पत्रा पातळ होतो म्हणून. भोकात करंगळी जात होती. कनेक्शन तोडलं, गटाराच्या वरून नवीन घेतलं, लाईन धुतली, तेव्हा कुठे तिथे पिवळं आलं.

मला बक्षीस काय मिळालं? पंपहाउसची रात्रपाळी. बढतीच्या यादीत माझं नाव पुढे सरकेना. घरातही बोलणी खाल्ली: तुमच्या शून्यापायी पोरांच्या परीक्षांना तुम्ही कधी घरी नाहीत. ते खरं होतं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण शून्याचं नाही वाटत. परत तीच नळी हातात दिली तर परत शून्यच लिहीन. पांढरं पाणी मला पिवळं दिसत नाही, त्याला मी काय करू?

तू म्हणशील, मिस्त्री, तुम्ही कायम होतात, तुमची फक्त पाळी बदलली, मला उद्या गेटवरूनच परत पाठवतील. बरोबर आहे. कंत्राटी पोराला हेकटपणा महाग पडतो, हे मला कळतं, आणि ज्यांनी ही व्यवस्था केली त्यांच्यावर माझा राग आहे. म्हणून भांडू नको, युक्तीने घे. रीडिंग घेताना घरातल्या ताईंना बोलाव. रंग दाखव, पेटीतल्या रंगाशी त्यांनाच जुळवायला सांग. पिवळं यायला हवं एवढं गल्लीतल्या बायकांना कळलं की पुढच्या वेळी त्याच विचारतील. त्यांनी पाहिलेलं रजिस्टरातून खोडता येत नाही. रजिस्टरात वेळ लिही, गल्ली लिही, दिसलं ते लिही. खोडायचंच असेल तर वरिष्ठांना त्यांच्या पेनाने खोडू दे आणि शेजारी सही करू दे. बहुतेकांचं पेन तिथे चालत नाही, हा माझा अनुभव.

बाकी कामाचं थोडक्यात. चावी सावकाश फिरव, विशेषतः शेवटचे आटे. मोठ्या लाईनवर घाईने बंद केलंस तर धक्क्याने जुना जॉइंट उखडतो. प्रत्येक व्हॉल्व्ह किती आट्यांत बंद होतो ते वहीत लिही. खोल चेंबरमध्ये एकटा उतरू नको, वर माणूस ठेव. टीसीएलचं पोतं बांधून, कोरड्या जागी ठेव, उघडं राहिलं की दम जातो आणि तू मापाने टाकूनही टोकाला शून्य येतं. मग पुन्हा शेवटच्या नळावर जा. हो, पुन्हा.

परीक्षा दे की, कोण नको म्हणतंय? अभ्यासाला वेळ मिळत नाही म्हणतोस, तर रात्रपाळी मागून घे. पंप चालू असताना वाचता येतं, मी वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचून काढायचो. पण नोकरी सोडायची का हे मला विचारू नको. तो हिशेब तुझ्या घरचा आहे, तिथे माझी चावी चालत नाही.

तुझ्या शेवटच्या गल्लीत पाणी पहाटे चारला येतं, तेव्हा कोण जाणार, असं लिहिलंयस. तू जाणार. येत्या पाळीलाच जा. ओटीच्या बाटलीवरची तारीख आधी बघ, ती बहुतेक ठिकाणी उलटून गेलेली असते. तशीच असेल तर नव्या बाटलीचा अर्ज आजच दे, आणि अर्जाची पोच घे.

तुझा,
मिस्त्री