झटका रोगाचा की औषधाचा?

विचारणा अशी: ‘कार्डिअक अरेस्ट’ला ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणावं का, आणि अशा वेळी हृदयावर वापरतात त्या डिफिब्रिलेटर या यंत्राला मराठी शब्द काय?

म्हणू नये. बातम्यांत रोज ऐकून कान किटले, तरी नाही. झटका, म्हणजे हार्ट अटॅक, हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आल्याने येतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय हे स्वतः सांगतो. अरेस्टमध्ये तो क्षणात कोसळतो, नाडी लागत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके. पहिल्यातून दुसरा उद्भवू शकतो, एवढंच नातं.

कार्डिअक अरेस्टला ‘हृदयस्तंभ’ हा चांगला शब्द आहे. त्यावर नाक मुरडणारे म्हणतात, स्तंभ म्हणजे खांब किंवा वर्तमानपत्रातला रकाना. अहो, आधी ‘स्तम्भ्’ हा धातू पाहा: खिळणं, ताठरणं, अडवून धरणं. स्तंभित झालेला माणूस काय खांब होतो? आणि याच घराण्यातलं आपलं साधंसुधं क्रियापद म्हणजे थांबणं! ‘स्तन’चं ‘थान’ झालं, त्याच चालीने ‘स्त’चा ‘थ’. ‘हृदयस्तंभ’ लिहिणारा पंडित आणि ‘हृदय थांबलं’ म्हणणारी आजी एकच शब्द बोलतात. ‘अरेस्ट’च्या पोटातलं लॅटिन ‘स्तारे’ही आपल्या ‘स्था’चं भावंड. ‘हृदयरोध’ सुचवणाऱ्या विद्वानांना मात्र कोपरापासून नमस्कार. रोध म्हटलं की पुन्हा वाहिनीतला अडथळाच आठवणार.

गंमत पुढेच आहे. अशा वेळी हृदय पुष्कळदा थांबलेलं नसतंच, थरथरत असतं. ‘फिब्रिला’ म्हणजे बारीकसा तंतू. जो तो तंतू आपल्याच तालात हलतो आणि रक्त पुढे जात नाही. डिफिब्रिलेटर विजेच्या धक्क्याने ही बेबंद थरथर मोडतो, मग मूळ ताल पुन्हा धरता येतो. १९४७ साली क्लॉड बेक या अमेरिकन शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका मुलाचं हृदय असं ताळ्यावर आणलं. ईसीजीची रेष सपाट झाली, म्हणजे थरथरही उरली नाही, की धक्का देऊन उपयोग नसतो, सिनेमावाले काहीही दाखवोत. थोडक्यात, झटका हे औषध आहे आणि आपण ते नाव रोगाला देऊन बसलो!

हां, यंत्राचं नाव राहिलंच. कानकोरणं, लाटणं यांच्या चालीवर मी ‘थरथरमोडणं’ म्हणेन. हसा खुशाल. पण छातीदाब (सीपीआर) सुरू नसेल, तर धक्का लांबलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, तेव्हा समोर कुणी कोसळलं तर ‘एईडी आणा’ (एईडी म्हणजे याच यंत्राचा कुणालाही वापरता येणारा अवतार) असंच ओरडा; शब्दावर मागाहून भांडू.