कंटाळा आला तर सिनेमा मध्येच सोडावा का? हो, सोडावा.

तुम्ही विचारलंय की सिनेमा किंवा मालिका सुरुवातीला रटाळ वाटली तर मध्येच सोडणं चूक आहे का, आणि सोडायचीच तर किती वेळ देऊन सोडावी.

चूकबीक काही नाही. खुशाल सोडा. एवढ्या ठणकावून का सांगतेय, ते आता ऐका.

माझा मोठा भाऊ सिनेमावेडा. मी नाही. दमून आल्यावर काहीतरी लावून द्यायचं, अर्धं लक्ष पडद्यावर, अर्धं फोनमध्ये, एवढंच माझं सिनेमाप्रेम. दहाएक वर्षांपूर्वी दादाने मोठ्या हौसेने मला तारकोव्हस्की या दिग्दर्शकाचा 'स्टॉकर' बघायला बसवलं. 1979 चा सोव्हिएत सिनेमा, जवळपास पावणेतीन तासांचा. दिवे घालवले, माझा फोन काढून घेतला. पडदा सगळा तपकिरी, मातकट. एक माणूस अंथरुणातून उठतो, तर त्याचं उठणंच संपेना. मग तिघं जण एका कळकट बारमध्ये उभ्याउभ्या बोलतात. मग जीप, चिखल, पुन्हा मातकट. अर्ध्या तासाने मी "पाणी पिऊन येते" म्हणून उठले, ती थेट झोपायलाच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दादा काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "रंग यायच्या आधीच उठलीस."

झालं असं की त्या सिनेमात ते तिघं रुळांवरच्या एका छोट्या ट्रॉलीवर बसून 'झोन' नावाच्या बंदी घातलेल्या भागात जातात, आणि तिथे पोचल्यावर चित्र रंगीत होतं. मी त्याच्या जेमतेम काही मिनिटं आधी उठले होते. माझं नशीब!

तेव्हापासून आमच्या घरात ही म्हणच झाली. एम.ए. पहिल्या वर्षानंतर सोडलं, तर "रंग यायच्या आधीच". पहिली नोकरी आठ महिन्यांत सोडली, पुन्हा तेच. (त्या नोकरीला रंग येणार नव्हता हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, पण ते जाऊ दे.) गिटारचा क्लास, पोहण्याचा क्लास, दोन्हीकडे तेच. हल्ली वहिनीसुद्धा म्हणते, आणि गंमत म्हणजे तिने तो सिनेमा पाहिलेलाच नाही.

मग मीही जरा शोधाशोध केली. या 'स्टॉकर'बद्दल एक किस्सा सांगतात. सिनेमा फार संथ आहे, अशी सरकारी चित्रपट खात्याची तक्रार आली, तेव्हा तारकोव्हस्की म्हणाला की सुरुवात उलट आणखी संथ आणि कंटाळवाणी हवी होती, म्हणजे चुकून या थेटरात शिरलेल्यांना वेळेवर बाहेर पडता येईल. आता बोला! मी तर दिग्दर्शकाच्या मनासारखंच वागले होते.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "जा ना, पण मग सिनेमाबद्दल बोलू नकोस." मी त्याच्यापुढे रॉजर एबर्टला उभं केलं. एवढा नावाजलेला अमेरिकन समीक्षक, पण 'कॅलिग्युला' त्याला इतका किळसवाणा वाटला की दोन तासांनी तो उठून निघून गेला आणि समीक्षेत तसं चक्क लिहिलं. दादाकडे उत्तर तयारच होतं. याच एबर्टने 2008 मध्ये एका सिनेमाची पहिली आठ मिनिटं बघून समीक्षा लिहिली, तशी कबुली समीक्षेच्या शेवटी दिली, वाचक खवळले, आणि त्याला तो सिनेमा अख्खा बघून पुन्हा लिहावं लागलं. हा मुद्दा दादाचा, मान्य. पण एबर्टला लिहायचे पैसे मिळत होते. मला कोण देतंय? मी अर्धा तास पाहिला, त्या अर्ध्या तासाबद्दल मी बोलणारच.

आणि शेवटपर्यंत बसणाऱ्यांचं काय होतं, तेही सांगते. 'गेम ऑफ थ्रोन्स' मी चौथ्या सीझनमध्ये सोडली. कोण कुणाचा मेहुणा तेच लक्षात राहीना. दादाने आठही सीझन, 73 भाग, एकही न चुकवता पाहिले. म्हणजे सत्तरएक तास. 2019 मध्ये ती संपली तेव्हा शेवटचा सीझन नव्याने लिहून पुन्हा बनवा, अशा ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यातली एक सही कुणाची असेल? त्याला तर रंग येऊन पुन्हा मातकट झालेलं बघावं लागलं. याच मालिकेचा पहिला पायलट, म्हणजे चाचणीसाठी केलेला भाग, बनवणाऱ्यांनाच पसंत पडला नव्हता आणि बराचसा पुन्हा चित्रित करावा लागला होता. ते स्वतः सोडू शकतात, मी नाही?

किती वेळ द्यावा हे राहिलंच. सिनेमाला अर्धा तास पुष्कळ झाला. मालिकेचे दोन-तीन भाग बघा, कारण पहिल्या भागात नुसती ओळख करून देण्यातच वेळ जातो. "तिसऱ्या सीझनपासून मजा येते" म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा. आधीच्या दोन सीझनचे तास तो परत देणार नाहीये. आणि "इतकं पाहिलंय तर आता संपवूच" हा विचार मनात आला की समजा, सोडायची वेळ टळून गेलीय.

हे सगळं एकट्याने बघण्याबद्दल हं. थेटरात भर रांगेतून लोकांचे पाय तुडवत जाऊ नका. आणि कुणी आपल्या आवडीचं काही मुद्दाम तुमच्यासाठी लावलं असेल तर निदान "मला झेपत नाहीये" असं सांगून उठा, पाण्याचं निमित्त करू नका. माझं चुकलं ते तिथे.

तो ट्रॉलीचा भाग मी नंतर वेगळा शोधून पाहिला. तीन-साडेतीन मिनिटांचा आहे, रुळांचा खडखडाट, तिघांची डोकी, आणि मग एकदम हिरवं. चांगला आहे, खोटं कशाला बोलू. दादाला तसं सांगितलं तर म्हणतो, हे धरायचं नाही, आधीचा अर्धा तास सोसल्याशिवाय त्या हिरव्याला अर्थ नाही.

अरे, पण आधीचा अर्धा तासच तर मी सोसला होता!