लाइट लागत नाही म्हणून एपी टाकून देऊ नका

प्रश्न : माझी मुलगी तलवारबाजीत एपी (तलवारीचा एक प्रकार) खेळते. महिनाभर झालं तिच्या तलवारीचं टोक दाबलं की लागणारा मशीनचा लाइट कधी लागतो कधी नाही, दुकानदार म्हणतो नवीन ब्लेडच घ्या. घरी मिस्टरांकडे मल्टिमीटर आहे, थोडंफार सोल्डरिंग पण येतं त्यांना. घरच्या घरी काही होईल का? – एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, होईल की. कधी लागतो कधी नाही म्हणताय ना, मग ब्लेड ठीक असण्याचीच शक्यता जास्त, दोष बॉडी वायरमध्ये (कपड्यांच्या आतून तलवारीला जोडतात ती), टिपमध्ये (टोकाचं बटण) नाहीतर वायर बसते त्या सॉकेटच्या एखाद्या ढिल्या स्क्रूमध्ये निघतो. पहिलं काम म्हणजे मैत्रिणीची बॉडी वायर लावून बघा. लाइट नीट लागला तर तलवारीला हातच लावू नका, वायर प्लगजवळ तुटलीय, तेवढा तुकडा कापून परत जोडा.

तसं नसेल तर मिस्टरांना मल्टिमीटर बीपवर ठेवायला सांगा. एपीच्या सॉकेटला तीन भोकं असतात, जवळजवळची दोन टिपकडे जाणाऱ्या तारांची आणि जरा लांबचं तिसरं गार्डचं, म्हणजे हात झाकणाऱ्या वाटीचं. जवळच्या दोघांत प्रोब घाला, टिप दाबली की बीप आला पाहिजे आणि सोडली की थांबला पाहिजे. न दाबताच वाजत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. आणि त्या दोघांपैकी कुठलंही भोक तिसऱ्याशी वाजत असेल तर तारेचं आवरण घासून ती गार्डला टेकलीय, बहुतेक गार्डच्या आत वळणावर, तिथली स्लीव्ह बदलली की झालं.

दाबूनही वाजत नसेल तर टिप उघडायची. खाली ताट, ताटात पांढरा रुमाल, कारण ते दोन स्क्रू बाजरीच्या दाण्याएवढे असतात आणि फरशीवर पडले की संपलं. टिप अंगठ्याने दाबून धरूनच स्क्रू काढा नाहीतर स्प्रिंग उडते. आत बघा, काळपट धूळ आणि गंज दिसेल, आपल्याकडे पावसाळ्यात ओली तलवार तशीच बॅगेत राहते ना, त्याचं हे. इअरबडला स्पिरिट लावून पुसा, तेल अजिबात घालू नका, तेलावर धूळ आणखी बसते. मग बॅरलच्या, म्हणजे टिप बसते त्या नळीच्या, तळाशी जे दोन कॉन्टॅक्ट दिसतात ते बारीक स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना जोडा, बीप आला तर तार शाबूत आहे, दोष टिपच्या स्प्रिंगचा. नाही आला तरच तार बदलायची.

तार बदलणं अवघड नाही पण वेळ काढून करायचं काम आहे. ब्लेडवर तार बसवलेली असते त्या खाचेतला जुना गोंद ॲसिटोनने सोडवा, गॅलरीत बसून, दारं बंद करून नाही. नवीन तार बसवताना ब्लेडला हलका बाक द्या आणि खाच बाकाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, कारण टच लागताना ब्लेड तशीच वाकते, तेव्हा तार ताणून तुटत नाही. गोंद पातळ आणि थोडाच, पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही.

शेवटी मॅचच्या आधी जी तपासणी होते ती घरीच करा. एपीच्या स्प्रिंगने 750 ग्रॅमचं वजन उचललं पाहिजे, फॉइल या दुसऱ्या प्रकारच्या तलवारीला 500. सातपूरच्या कुठल्याही लेथवाल्याकडून पितळेचं वजन करून घ्या आणि सराफ बाजारातल्या काट्यावर तोलून घ्या, तिथे ग्रॅमचा फरक कळतो. टिप आणि बॅरलच्या फटीत 1.5 मिमीची पट्टी गेली पाहिजे, आणि 0.5 मिमीची घालून दाबलं तर लाइट लागता कामा नये. लागला तर आतली छोटी स्प्रिंग थोडी आत फिरवा.

प्रश्न : माझी फॉइलची ब्लेड टिपपासून वीतभर अंतरावर तुटली. अंबडला ओळखीचे आर्गॉन वेल्डिंगवाले आहेत, ते म्हणतात जोड दिसणार पण नाही. करून घेऊ का? – कॉलेज विद्यार्थी, सिडको

उत्तर : नको रे मित्रा, अजिबात नको. जोड दिसत नाही म्हणजे तो पक्का आहे असं नसतं. चांगल्या ब्लेड मॅरेजिंग स्टीलच्या, ठरावीक तापमानाला तापवून कडक केलेल्या असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आजूबाजूचं ते सगळं जातं आणि पुढच्या वेळी ब्लेड तिथेच तुटते, तीसुद्धा समोरच्याच्या अंगावर. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव्ह असाच गेला, समोरच्याची फॉइल तुटली आणि तुटलेलं टोक मास्क फोडून आत गेलं. त्यानंतरच ब्लेड, मास्क आणि कपड्यांचे नियम कडक झाले. तुझी ब्लेड गेली ती गेली. टिप, बॅरल, सॉकेट, गार्ड, ग्रिप काढून ठेव, सगळं नवीन ब्लेडला लागेल. आणि नवीन आल्यावर दर आठवड्याला ब्लेडवरून बोट आणि नख फिरवत जा, नख अडकलं तर चीर आहे, ती ब्लेड बाजूला. नुसता बाक आला असेल तर पायाखाली धरून हळूहळू सरळ करता येतो, पण एकाच जागी कोपरा पडला असेल तर नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला तलवारीची पिस्तूल ग्रिप (बोटांसाठी आकार दिलेली मूठ) मोठी होते, कानशीने घासली तर चालेल का? – गंगापूर रोड

उत्तर : बोटं जिथे टोचतात तिथली धार पॉलिश पेपरने मोडा, तेवढं चालतं, पण दांडाच बारीक करू नका, लहान साइजची ग्रिप मिळते ती घ्या, मूल वाढलं की परत बदलावीच लागणार आहे. आणि ग्रिप बदलताना ब्लेडची मागची शेपटी लांब वाटली तर हॅकसॉ लावायच्या आधी नीट मोजा, एकदा पिस्तूल ग्रिपसाठी कापली की त्या ब्लेडला फ्रेंच ग्रिप (सरळ लांब मूठ) बसत नाही.